खानदेशची कुमक : फारुकी, मुघल आणि सोनपेठची रात्र

थाळनेरला मी पहिल्यांदा गेलो तो एका लग्नाच्या निमित्ताने. शिरपूर तालुक्यातले, तापीच्या काठावरचे हे गाव. पंगतीला वेळ होता म्हणून गावाबाहेरच्या घुमटांकडे पाय वळले. तिथे शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, या कबरी कोणाच्या? ते म्हणाले, "राजासन्या कबरी शेतस." कोणत्या राजांच्या, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर इतिहासाचा शिक्षक असूनही मलाही तेव्हा धड सांगता आले नसते. वर्षानुवर्षे मी वर्गात जो इतिहास शिकवला, त्यात खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या वाट्याला एकच वाक्य येत असे : १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला व खानदेश मुघल साम्राज्यात सामील केला.

सामील केला, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्या राज्याविरुद्ध अकबर स्वतः चालून आला, ते राज्य त्याच्या चारच वर्षे आधी त्याच्या बाजूने लढले होते. नुसते लढले नव्हते, तर त्याचा सुलतान मुघलांच्या डाव्या फळीत उभा राहून रणांगणावर मेला होता. मग चार वर्षांत असे काय झाले की दोस्ताचा मुलगा शत्रू ठरला? निवृत्तीनंतर हा प्रश्न मी मागे लावून घेतला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते लढायांपेक्षा बोलण्यांचेच जास्त आहे. कोण किती फौज देणार, कोण स्वतः येणार, कोणी कोणापुढे किती वाकायचे, याची ही बोलणी आहेत.

आधी थोडी ओळख. फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर व करवंदचा मुलूख जहागीर दिला. दिल्ली दुबळी झाल्यावर तो स्वतंत्र झाला आणि १३९९ मध्ये वारला. मरताना त्याने एका मुलाला थाळनेर दिले, दुसऱ्याला, नासिरला, धुळ्याच्या दक्षिणेचा लळिंगचा किल्ला. आज मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे येताना जो लळिंग दिसतो, तोच. नासिरने पुढे आसा अहिराकडून असीरगड कपटाने घेतला आणि तापीकाठी, खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या संताच्या नावाने, बऱ्हाणपूर वसवले. हे घराणे स्वतःला खलिफा उमर फारुक यांचे वंशज म्हणवत असे, म्हणून फारुकी. थाळनेरच्या कबरी या घराण्याच्या पहिल्या पिढ्यांच्या आहेत.

राज्य लहान होते. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला बहमनी आणि मग निजामशाही. या शेजाऱ्यांपैकी कोणाशी तरी सोयरीक, कोणाला तरी खंडणी, आणि वेळ पडली की डोंगरावरचा असीरगड, एवढ्या भांडवलावर फारुकींनी दोनशे वर्षे काढली. मला हे कौतुकास्पद वाटते. आपल्याकडे इतिहासात लढून मेलेल्यांना मान आहे, वाकून टिकलेल्यांना नाही.

त्यांच्या हातात एक गोष्ट मात्र मोठी होती, आणि ती म्हणजे वाट. नर्मदेवर हंडिया, तिथून सातपुड्याच्या खिंडीतून असीरगडाखालून बऱ्हाणपूर, मग तापी ओलांडून अजिंठ्याच्या डोंगराकडे. उत्तरेतून दख्खनेत फौज न्यायची तर हाच सरळ रस्ता. भुसावळहून उत्तरेला जाणारी गाडी सावदा, निंभोरा, रावेर करत बऱ्हाणपूर गाठते आणि पुढे असीरगडाच्या बगलेने खांडव्याकडे जाते. इंग्रजांच्या रेल्वेनेही वाट बदलली नाही. या वाटेचा धनी दख्खनच्या मोहिमेत सोबत असला तर त्याच्या चार-पाच हजार स्वारांचा उपयोग होताच, पण त्याहून मोठा लाभ दुसरा होता : तो सोबत आहे याचा अर्थ तो पाठीमागे नाही. मागून रसद तोडणारा माणूस आपल्या छावणीत, आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुघलांनी खानदेशकडे पुन्हा पुन्हा फौजेची मागणी का केली आणि फौज मिळाल्यावरही त्यांचे समाधान का झाले नाही, हे या एका गोष्टीवरून उलगडते.

१५७६ मध्ये गादीवर आला तो राजा अली खान. 'राजा' हे इथे नाव आहे, पदवी नव्हे. मुघल कागदांत तो नेहमी राजा अली खान. पण बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, जी त्यानेच बांधली, तो स्वतःला आदिलशाह म्हणवतो. या मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारुकींची वंशावळ दिली आहे आणि शके १५११ चा काळ, तिथी-नक्षत्रासह. मशिदीत संस्कृत लेख कोरवून घेणारा हा सुलतान. (मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. त्यातला 'एदल' म्हणजे हाच 'आदिल' शब्द, आपल्या लोकांच्या जिभेवर घोळलेला.) उत्तरेकडे तोंड केले की खान आणि घरात शाह, ही त्याची रीत त्याच्या सगळ्या राजकारणाची किल्ली आहे.

गादीवर आल्यावर लवकरच मुघल फौज सरहद्दीवर आली, आणि त्याने खंडणी कबूल केली. पण १५८६ मध्ये अकबराने माळव्याचा सुभेदार खान आझम अजीज कोका याला वऱ्हाडावर पाठवायचे ठरवले, तेव्हा राजा अली मुघलांकडे गेला नाही. त्याचे मन वळवायला अकबराने फतहुल्ला शिराजीला धाडले होते. हा त्या काळचा मोठा गणिती आणि पंडित. तो हात हलवत परतला. राजा अली निजामशाही सरदारांना मिळाला, खान आझमने एलिचपूर लुटले खरे, पण पाठलाग टाळत त्याला नंदुरबारमार्गे गुजरातकडे निघून जावे लागले. मुघल सुभेदार आपल्या नंदुरबारवरून पळत गेला, ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण मलाच ती ठाऊक नव्हती.

पाच वर्षांनी चित्र पालटले. अहमदनगरच्या गादीचा एक हक्कदार, बुऱ्हान, अकबराच्या आश्रयाला होता. त्याला गादीवर बसवायचे तर मुघल फौज घेऊन जाणे बरे दिसणार नव्हते. नगरचे लोक बिथरले असते. म्हणून अकबराने राजा अलीला लिहिले की तू मदत कर. १५९१ मध्ये रोहणखेडला, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी, राजा अली आणि बुऱ्हान यांनी नगरचा कर्ता मंत्री जमाल खान याचा पराभव केला. जमाल खान पडला, बुऱ्हान निजामशहा झाला, आणि गादी मिळताच अकबराचे उपकार विसरला. दिल्लीचे काम झाले, फौज खानदेशची झिजली आणि हाती कोणाच्याच काही आले नाही.

त्याच वर्षी अकबराने दख्खनच्या चारही दरबारांत वकील पाठवले. बऱ्हाणपूरला आला तो फैजी, अबुल फजलचा थोरला भाऊ, अकबराचा राजकवी. त्याने बादशहाला पाठवलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यातले राजा अलीच्या भेटीचे वर्णन मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात बोलका कागद वाटतो. फैजीने मुद्दाम तंबू उभारला. आत बादशहाची गादी मांडली आणि तिच्यावर फर्मान, खिलत व तलवार ठेवली. अकबर शेकडो कोस दूर. पण राजा अलीने त्या रिकाम्या गादीसमोर यायचे होते. तो आला, दुरूनच पायउतार झाला आणि तसलीम करत पुढे सरकला. तसलीम म्हणजे उजव्या हाताची पाठ जमिनीला टेकवायची, मग हळूहळू उठत तळवा डोक्यावर ठेवायचा. फर्मान घेताना तसलीम, खिलत घेताना तसलीम. फैजीने आपली माणसे मोजायला बसवली होती. एकूण पंचवीस झाल्या, असे तो बादशहाला कळवतो. हुकूम असेल तर आपण हजार करू, सिजदाही करू, असे राजा अली म्हणाला. तेव्हा फैजीने उत्तर दिले की तुमच्या निष्ठेला ते शोभते, पण बादशहा सिजदा करू देत नाहीत, तो ईश्वरासाठी असतो.

हे उत्तर लक्षात ठेवावे. नऊ वर्षांनी त्याचे काय झाले ते पुढे येईल.

पंचवीस हा आकडा वाचून पहिल्यांदा मला राजा अलीची कीव आली. नंतर वाटले, वाकणे हे त्याला पडणारे सर्वात स्वस्त नाणे होते. पंचवीस वेळा हात जमिनीला लावला, फौजेचा एक स्वार दिला नाही, तोंडभर आश्वासने दिली, आणि फैजी दीड वर्षाहून अधिक काळ दख्खनेत घालवून १५९३ मध्ये परतला. राजा अलीने मुलगी शाहजादा सलीमला दिली. सोयरीक जुळवणे हे फारुकींचे जुनेच शस्त्र.

१५९५ मध्ये मात्र केवळ वाकण्यावर भागेना. बुऱ्हान वारला, नगरच्या सरदारांत तट पडले, आणि एका तटाने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला बोलावले. दुसरीकडून माळव्यातून खानखानान अब्दुर्रहीम निघायचा होता. हाच रहीम, ज्याचे दोहे हिंदी पुस्तकात मुले पाठ करतात. मुराद घाईवर आला होता. खानखानान काही हलेना. शाहजाद्याने रागाचे पत्र लिहिले, त्यावर उत्तर गेले की राजा अलीला सोबत आणण्याची खटपट चालू आहे, तोवर शाहजाद्याने गुजरातेत शिकार करावी. मुराद भडकला आणि एकटाच नगरकडे निघाला. मग खानखानानने जड फौज व तोफखाना मागे मिर्झा शाहरुखकडे सोपवला, राजा अलीला घेऊन घाईघाईने दौड केली आणि चांदवडला शाहजाद्याला गाठले. बक्षीस काय मिळाले? मुरादने त्याला कितीतरी वेळ भेटच दिली नाही.

मला इथे खानखानान बरोबर वाटतो. नगरला वेढा घालायचा आणि पाठीशी खानदेश मोकळा सोडायचा, हे त्याच्यासारख्या मुरब्बी सेनापतीला पटणे शक्य नव्हते. त्या काही आठवड्यांत राजा अलीशी काय बोलणे झाले असेल याची कल्पना करता येते. या वेळी मुघल फौज त्याच्या सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी होती, गुजरातेतून आणि माळव्यातून. नाही म्हणण्याची किंमत त्याला दिसत होती. तो निघाला. नगरच्या वेढ्यात तो मुघलांच्या बाजूने होता, जिथे चांदबिबीने तट सांभाळला ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. १५९६ च्या वसंतात तह झाला, वऱ्हाड मुघलांना मिळाले, वेढा उठला. चांदबिबीच्या गोष्टीत खानदेशच्या स्वारांचा उल्लेख आपण कधी ऐकत नाही. त्यांना त्यात उभे करणे कोणालाच सोयीचे नाही.

तहाच्या हद्दींवरून भांडण लगेच सुरू झाले. विजापूर, गोवळकोंडा आणि नगर यांची एकत्र फौज सुहेल खानाच्या हाताखाली उत्तरेकडे सरकली. मुराद बाळापूरजवळ शाहपूरला राहिला. पुढे गेले खानखानान, मिर्झा शाहरुख आणि राजा अली खान. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठ-आष्टीच्या परिसरात, आजच्या परभणीच्या बाजूला, गाठ पडली.

डाव्या फळीवर राजा अली होता. विजापुरी फौजेचा आणि तोफांचा मारा तिकडेच वळला. मधल्या फळीतून खानखानान पुढे घुसला आणि त्याला वाटले आपण जिंकलो. सुहेल खानानेही डावी फळी मोडली तेव्हा त्याला वाटले आपण जिंकलो. अंधार पडला. दोन्ही सैन्ये त्याच मैदानात, एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि कोणालाच कोणाचा पत्ता नाही. दिवसभर ज्याची फळी दिसत होती ती आता दिसेना. छावणीत कुजबुज उठली : खानदेशवाला पळाला. कोणी म्हणाले, शत्रूला मिळाला. ही कुजबुज रात्रीतल्या रात्री खरी ठरवून मुघल शिपायांनी राजा अलीची छावणी लुटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई झाली. तिच्या आरंभाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दौलत खान लोदीने खानखानानला विचारले की पराभव झाला तर आपण कुठे सापडाल? तो उत्तरला, प्रेतांच्या ढिगाखाली. मुघल शौर्याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. सुहेल खान हरला, मुघल जिंकले, खानखानान सुखरूप राहिला. प्रेतांच्या ढिगात सापडला तो राजा अली खान. त्याचे पस्तीस नामांकित सरदार आणि पाचशे माणसे त्याच्याभोवती पडली होती. तो जागचा हलला नव्हता. अबुल फजल लिहितो की ज्यांनी त्याच्याबद्दल वाईट बोलले होते ते लाजले. प्रेत बऱ्हाणपूरला नेऊन पुरले.

लाजले, एवढेच. लूट परत केली की नाही, याबद्दल बादशाही इतिहासकार काही बोलत नाही.

इथे साधनांविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर अवलंबून आहे. आपल्याला ही हकिकत मुख्यतः दोघांकडून कळते. एक अबुल फजल, अकबराचा इतिहासकार. दुसरा फिरिश्ता, जो विजापूर दरबारी होता, म्हणजे सोनपेठला समोरच्या बाजूच्या राज्यात. फिरिश्ता १६०४ मध्ये विजापूरच्या राजकन्येच्या लवाजम्याबरोबर बऱ्हाणपूरला आला होता आणि तिथे त्याने फारुकींविषयी चौकशी केली. तिसरा आवाज जेझुइट पाद्र्यांचा, कारण असीरगडच्या वेढ्यात फादर जेरोम झेवियर अकबराच्या छावणीत होते. खानदेशचा स्वतःचा आवाज यात नाही. आणि अबुल फजल नुसता लेखक नव्हता. १५९९ मध्ये खानदेशकडे फौज मागायला गेला तो अबुल फजल स्वतः. ज्याने बोलणी केली त्यानेच बोलण्यांचा वृत्तान्त लिहिला.

राजा अलीनंतर त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आला. फारुकींची जुनी चाल अशी की गादीच्या हक्कदार पुरुषांना असीरगडावर नजरकैदेत ठेवायचे, म्हणजे भावाभावांत तलवार नको. बहादूरची उमेदीची वर्षे तशीच गडावर गेली होती. फिरिश्त्याच्या मते तो विलासी, अमली पदार्थांच्या नादी आणि गाण्याबजावण्यात रमणारा होता. असेल. पण गडावरच्या कैदेतून थेट सिंहासनावर बसलेल्या माणसाने राज्य कसे चालवायचे ते कोणापासून शिकायचे होते? बाहेरच्या जगाविषयी त्याला पहिला धडा मिळाला तो सोनपेठचा : बाप दोस्तांसाठी मेला, आणि दोस्तांनी त्याच रात्री बापाचे डेरे लुटले.

१५९९ मध्ये मुरादची दारू आणि सरदारांची भांडणे निस्तरायला अबुल फजल दक्षिणेत आला. वाटेत बऱ्हाणपूर. फारुकी घराण्यात त्याची एक बहीण दिलेली होती, त्यामुळे नातेही होते. बहादूरने मेजवानीचे आमंत्रण दिले. अबुल फजलने अट घातली : दख्खनच्या मोहिमेत मनापासून साथ देणार असाल तर येतो. बहादूरने भारी नजराणे पाठवले. अबुल फजलने ते परत केले आणि वर सांगितले की भेट स्वीकारण्याला माझ्या चार अटी आहेत : देणाऱ्याशी मैत्री असावी, भेट मला फार मोठी वाटू नये, मला तिची हाव नसावी, आणि तिची गरज असावी. पहिल्या तीन पुऱ्या झाल्या असे धरले, तरी बादशहाच्या कृपेने मला कशाची गरजच उरलेली नाही. उत्तर सुंदर आहे आणि अबुल फजलने ते स्वतःच नोंदवून ठेवले आहे. शेवटी बहादूरने आपला मुलगा कबीर खान दोन हजार स्वारांसह मोहिमेवर दिला.

आता हिशेब मांडून पाहू. मागणी काय होती? सुलतानाने स्वतः, सगळ्या बळानिशी यावे. देकार काय होता? मुलगा आणि दोन हजार. लहान राज्याच्या मानाने हे नगण्य नव्हते, आणि मुलगा देणे म्हणजे एक प्रकारे ओलीस देणेच. पण मुघलांच्या दृष्टीने मूळ दुखणे तसेच राहिले : वाटेचा धनी असीरगडावर, त्यांच्या पाठीमागे. बहादूरच्या दृष्टीने गड सोडणे हीच एक गोष्ट होती जी करायची नव्हती. त्याच्या बापाने सोडला होता.

व्हिन्सेंट स्मिथसारखे इतिहासकार बहादूरला सरळ मूर्ख ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मुत्सद्देगिरीत तो कच्चा होता हे खरे. राजा अली असता तर त्याने पंचवीसच्या जागी पन्नास तसलीम केल्या असत्या, आजाराचे निमित्त सांगितले असते, आणखी एक सोयरीक जुळवली असती आणि वर्ष काढले असते. बहादूरला वाकणे आणि नकार देणे या दोन्हींच्या मधली जागा सापडली नाही. १६०० च्या आरंभी शाहजादा दानियाल बऱ्हाणपुरात आला तेव्हा तो भेटीला गडावरून उतरला नाही. याचा अर्थ उघड अपमान. दानियाल तिथेच लढायला उभा राहिला होता. अकबराने त्याला पुढे नगरकडे जायला सांगितले आणि खानदेशचा प्रश्न स्वतःकडे घेतला. आधी मीरान सदर जहानला समजूत घालायला पाठवले, मग पेशरव खानाला. गडावरून हत्ती आले, सबबी आल्या, सुलतान आला नाही. मार्च १६०० अखेर अकबर स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. शहराने विरोध केला नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. तिथे वेढा बसला. वेढ्याच्या प्रमुखांत शेख फरीद बुखारी होता आणि आपला अबुल फजलही.

गंमत अशी की याच वेढ्यात अकबराला स्वतःला दुसऱ्याची कुमक मागावी लागली. गड तोफांनी भरलेला होता आणि आत पोर्तुगीज गोलंदाजही होते. अकबराने फादर झेवियर यांना सांगितले की चौलच्या पोर्तुगीजांना लिहा आणि तोफा मागवा. झेवियरांनी धर्माचे कारण पुढे करून नकार दिला. बादशहा संतापला, पाद्र्यांना काही काळ नजरेआड व्हावे लागले, मग राग निवळला. पाद्र्यांच्या नकाराला पाठीशी समुद्र होता. बहादूरच्या नकाराला एक डोंगर.

वेढ्यात रोगराई पसरली. बहादूरने आई आणि मुलाला हत्तींसह पाठवून माफी मागितली, ती पुरली नाही. डिसेंबर १६०० मध्ये तो शेवटी उतरला. अबुल फजलच्या मते शरण आला. पाद्र्यांच्या मते सुरक्षिततेची शपथ देऊन बोलावले आणि मग सोडले नाही. गड त्यानंतरही महिनाभर लढला आणि जानेवारी १६०१ मध्ये पडला. पाद्री म्हणतात सोन्याचांदीने दरवाजे उघडले. दोन्ही वृत्तान्त एकमेकांशी जुळवता येत नाहीत, आणि मी कोणाच्याच बाजूला पूर्ण जाणार नाही. एकाला बादशहाचे नाव राखायचे होते आणि दुसऱ्यांना त्याचा राग आलेला होता.

पण बहादूरच्या भेटीचा एक तपशील पाद्र्यांच्या हकिकतीत आहे, तो रचून सांगण्यात त्यांचा काही फायदा मला दिसत नाही. बहादूर गळ्यात शेला घालून, शरणागताच्या रीतीने, अकबरासमोर आला. तीनदा वाकला. अकबर पुतळ्यासारखा स्तब्ध बसून होता. तेवढ्यात एका मुघल सरदाराने मागून बहादूरचे मस्तक धरले आणि त्याला जमिनीवर आपटले, पुरता सिजदा व्हावा म्हणून. ज्या सिजद्याला बापाने तयारी दाखवली आणि फैजीने तो ईश्वराचा म्हणून नको म्हटले होते, तो मुलाकडून मान धरून करवून घेतला. फैजी तेव्हा हयात नव्हता. पाच वर्षांपूर्वीच तो वारला होता. त्याचा धाकटा भाऊ त्या मोहिमेत होता.

बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवले. ज्याची उमेद एका गडाच्या कैदेत गेली त्याला दुसरा गड मिळाला. खानदेशचे नाव शाहजाद्याच्या नावावरून दानदेश केले. चार वर्षांत दानियाल बऱ्हाणपुरातच वारला. दानदेश हे नाव कागदांवर काही काळ राहिले. आमच्याकडे कोणाच्या तोंडी ते कधी बसले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा बऱ्हाणपूरला गेलो. जामा मशिदीतला तो संस्कृत लेख पाहायला दुपारी जावे, उजेड बरा असतो. तिथल्या खादिमांनी मला आधी दुसरीकडे नेले आणि अकबराचा फारसी लेख दाखवला, मोहिमेनंतर त्याच मशिदीत कोरलेला. म्हणाले, बहुतेक लोक हाच बघायला येतात. मी दोन्ही पाहिले. परतीच्या गाडीत रावेरला केळीच्या वखारींवर दिवे लागत होते.